श्रीक्षेत्र लेण्याद्री व जुन्नर परिसर : दात्यांचा डोंगर

श्रीगिरिजात्मजाच्या दर्शनास येणारे बहुसंख्य भाविक अष्टविनायकाच्या यात्रेत असतात. आठही स्थाने दोन-तीन दिवसांत पूर्ण करावयाची, या हिशेबाने सकाळी ओझर, दुपारी लेण्याद्री आणि सायंकाळी पुढील क्षेत्राचा रस्ता असा त्यांचा क्रम ठरलेला असतो. यात्रा त्यानेही पूर्ण होते, त्यात न्यून काहीच नाही. परंतु ज्या डोंगरात श्रींचा वास आहे तो डोंगर आणि ज्या भूमीवर तो उभा आहे ती भूमी मात्र पाहावयाची राहून जाते. ज्या भाविकांना एक-दोन दिवस अधिक काढता येतील, विशेषतः ज्यांच्यासमवेत मुले व वडीलधारी मंडळी आहेत, त्यांच्यासाठी या परिसराची माहिती येथे देत आहोत.

पुण्याच्या उत्तरेस सुमारे ९५ कि.मी. अंतरावर जुन्नर हे तालुक्याचे ठिकाण आहे. पश्चिमेस सह्याद्रीची मुख्य रांग, तिच्यातून उगम पावणाऱ्या कुकडी, मीना, पुष्पावती इत्यादी नद्या, त्यांवरील धरणे आणि पूर्वेस पसरत गेलेला बागायती मुलूख असे या तालुक्याचे स्वरूप आहे. गडकिल्ले, लेणी, देवस्थाने, घाट यांची येथे एवढी दाटी आहे की महाराष्ट्र शासनाने इ.स. २०१८ मध्ये जुन्नरला पर्यटन तालुका म्हणून घोषित केले. ही सर्व स्थळे एका लेखात मावणार नाहीत. आम्ही निवडलेल्या स्थळांना जोडणारे एक सूत्र आहे आणि ते म्हणजे दान. या तालुक्याच्या कातळावर सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या दात्यांची नावे कोरलेली आहेत. त्यांतील राजे थोडे. बाकीचे व्यापारी, कारागीर, धान्याचे विक्रेते आणि दूरदेशाहून येथे येऊन राहिलेले लोक होते. कोणी काय दिले, हे त्यांनी एका ओळीत सांगून ठेवले आहे.

श्रींचे लेणे

गिरिजा म्हणजे पार्वती आणि आत्मज म्हणजे पुत्र. पार्वतीने या डोंगरात बारा वर्षे तप केले व श्रीगणेशास पुत्ररूपाने प्राप्त केले, अशी श्रद्धा आहे. अष्टविनायकांपैकी डोंगरावर, कोरीव लेण्यात असलेले हे एकमेव स्थान होय. पायथ्यापासून पायऱ्यांची संख्या तीनशेच्या घरात आहे. ज्यांना चढणे शक्य नाही त्यांच्यासाठी डोलीची सोय मिळते. लेणी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाच्या संरक्षणाखाली असल्याने पायथ्याशी त्या विभागाचे प्रवेशशुल्क भरावे लागते. ते देवस्थानाचे शुल्क नव्हे, हे येथे मुद्दाम नमूद करावेसे वाटते, कारण दर्शनासाठी पैसे का, असा प्रश्न अनेक भाविक विचारतात. वाटेवर वानरांचा उपद्रव आहे. प्रसादाची पिशवी हातात लोंबकळत न ठेवता झोळीत बंद ठेवावी.

डोंगराच्या दक्षिणाभिमुख कड्यात सुमारे तीस लेणी एका रांगेत कोरलेली आहेत. ती साधारणपणे इ.स.च्या पहिल्या ते तिसऱ्या शतकांतील मानली जातात. श्रींचे मंदिर म्हणजे सातवे लेणे. दर्शनाच्या रांगेत उभे असताना आपण ज्या प्रशस्त सभागृहात असतो ते सुमारे ५७ फूट लांब व ५१ फूट रुंद आहे आणि त्याच्या मधोमध एकही खांब नाही. एवढे छत निव्वळ कातळाच्या अंगबळावर तोलले गेले आहे. डाव्या व उजव्या बाजूस प्रत्येकी सात आणि मागील बाजूस सहा, अशा वीस खोल्या या सभागृहाभोवती आहेत. मागील भिंतीतील मधल्या दोन खोल्या एक करून श्रींचे स्थान झाले आहे. दक्षिणेकडे तोंड असल्याने दिवसभर येथे उजेड पोचतो.

हे सभागृह मुळात बौद्ध भिक्षूंचा विहार होता. त्या वीस खोल्या त्यांच्या वर्षावासातील निवासाच्या. पावसाळ्याचे महिने प्रवास न करता एका जागी राहून अध्ययन व साधना करावी, असा भिक्षूंचा नियम होता आणि त्या निवाऱ्यासाठी ही लेणी खोदविली गेली. पुढील काळात येथे श्रीगणेशाची उपासना रुजली. पांडवांनी एका रात्रीत लेणी कोरली, अशी कथा आपल्याकडे जवळजवळ प्रत्येक डोंगराविषयी सांगितली जाते. मुलांना ती गोष्ट म्हणून जरूर सांगावी, पण तेवढ्यावर थांबू नये. एका रात्रीची कथा ऐकून मूल दोन क्षण थक्क होते. छिन्नीच्या प्रत्येक घावाचे पैसे कोणी तरी आपल्या कमाईतून मोजले होते, हे कळले म्हणजे ते भिंतीला हात लावून पाहू लागते. भगवान बुद्धांच्या संघासाठी झालेल्या दानातून ही वास्तू उभी राहिली आणि त्याच वास्तूत आज आपण श्रीगणेशापुढे हात जोडतो, ही गोष्ट लपविण्याची नाही. ती जाणून घेतल्याने भक्तीत काही उणे येत नाही.

दर्शनानंतर उतरण्याची घाई न करता शेजारच्या सहाव्या लेण्यात अवश्य जावे. हे चैत्यगृह, म्हणजे संघाचे प्रार्थनास्थान. आत स्तूप आहे, दुतर्फा खांब आहेत आणि खांबांच्या शिरोभागी हत्ती, वाघ अशा प्राण्यांच्या पाठीस पाठ लावून बसलेल्या जोड्या आहेत. दर्शनी भिंतीवर ब्राह्मी लिपीत एक ओळ कोरलेली आहे. कल्याण येथील हेरणिकाचा पुत्र सुलसदत्त याने हे चैत्यगृह दान दिले, एवढाच तिचा आशय आहे. हेरणिक या शब्दाचा संबंध सोन्याशी आहे. तो सोनार असेल किंवा सोन्यानाण्याचा व्यवहार करणारा असेल. किती द्रव्य लागले, किती वर्षे काम चालले, दात्याचा मान कोणी केला, यांपैकी काहीही तेथे लिहिलेले नाही. आज मोटारीने घाट चढून येणाऱ्या भाविकाने क्षणभर एवढाच विचार करावा, की कल्याण बंदरातील एका माणसाने इतक्या उंचावर, इतक्या दूर आपले दान का पाठविले असावे. त्याचे उत्तर नाणेघाटात मिळते. तेथे आपण दुसऱ्या दिवशी जाऊ.

जुन्नर गाव व मानमोडी

लेण्याद्री, मानमोडी, शिवनेरी व तुळजा या जुन्नरभोवतीच्या डोंगरांत मिळून दोनशेहून अधिक कोरीव लेणी आहेत. यांतील मानमोडीचा डोंगर जुन्नर गावाच्या दक्षिणेस आहे. त्यात भीमाशंकर, अंबा-अंबिका आणि भूतलिंग असे तीन गट आहेत. वाट चढाची व झाडीची आहे, म्हणून सकाळच्या वेळी, शक्यतो स्थानिक वाटाड्यासह जावे. भूतलिंग गटातील अपूर्ण चैत्यगृहाच्या दर्शनी कमानीत कमळाच्या पाकळ्यांमध्ये हत्तींनी सेविलेली लक्ष्मी कोरलेली आहे. बौद्ध लेण्यावर लक्ष्मी पाहून अनेकांना नवल वाटते. ही दर्शनी बाजू ज्याने दिली त्याचे नाव चंद असून तो स्वतःस ‘यवन’ म्हणवितो. त्या काळी ग्रीक व एकंदरीत पश्चिमेकडून आलेल्या लोकांना यवन म्हणत. जुन्नरच्या शिलालेखांत आणखी दोन यवनांची नावे आहेत. इरिल याने पाण्याची दोन टाकी दिली आणि चिट याने संघाच्या भोजनासाठी मंडप दिला. परक्या मुलखातून येऊन येथील माणसाच्या तहान-भुकेची चिंता वाहणाऱ्या या दोघांविषयी याहून अधिक काही लिहिले गेलेले नाही.

भीमाशंकर गटात अयम नावाच्या अमात्याचा लेख आहे. महाक्षत्रप नहपान या राजाचा तो मंत्री. त्याने ४६ व्या वर्षी पाण्याची पोढी व मंडप दिला, असे लेख सांगतो. पोढी म्हणजे कातळात खोदलेले टाके. या लेखांत पोढीचा उल्लेख पुन्हा पुन्हा येतो, याचे कारण या डोंगरात एखादा उन्हाळा काढल्यावाचून समजणार नाही. पावसाळ्यात येथे पाण्याचा कल्लोळ असतो आणि फाल्गुन-चैत्रात दगड तापून निघतो. जो पावसाचे पाणी धरून ठेवी तो मोठा दाता.

आमच्या दृष्टीने सर्वांत बोधप्रद लेख मात्र कारागिरांच्या व व्यापाऱ्यांच्या श्रेणींचे आहेत. श्रेणी म्हणजे एकाच व्यवसायातील लोकांचा संघ. धान्याच्या व्यापाऱ्यांच्या श्रेणीने सात खोल्यांचे लेणे व टाके दिले. बांबूकाम करणाऱ्यांची एक आणि काशाचे काम करणाऱ्यांची एक अशा श्रेणींकडे ठेवलेल्या ठेवींचा उल्लेख आहे. एका शक उपासकाने शेतांचे उत्पन्न श्रेणीकडे सोपवून त्यातून करंजाची व वडाची झाडे लावण्याची व्यवस्था केली. मुद्दल श्रेणीकडे राहावयाचे आणि त्याच्या उत्पन्नातून ठरलेले धर्मकार्य वर्षानुवर्षे चालावयाचे, अशी ही पद्धत होती. आजच्या देवस्थानांतून ‘कायम ठेव’ या नावाने अन्नदानासाठी अथवा पूजेसाठी जो निधी स्वीकारला जातो, त्यात मुद्दलास हात न लावता केवळ व्याज खर्च होते. देणगीदारांनी हे लेख पाहिले म्हणजे आपल्या हातातील पावतीची परंपरा किती जुनी आहे, हे त्यांच्या ध्यानी येईल. आणखी एक गोष्टही ध्यानी येईल. हल्ली पाचशे रुपयांच्या देणगीसही फरशीवर नाव हवे असते, आणि पायाखालची फरशी नावांनी भरली की भिंतीवर जागा मागितली जाते. झाडे लावण्यासाठी शेताचे उत्पन्न देणाऱ्या त्या शक उपासकाचे नाव अदुथुम. ते टिकले आहे, पण कामाच्या मागे उभे राहून.

तुळजा लेणी गावाच्या पश्चिमेस पाडळीनजीक आहेत. येथील एक चैत्यगृह चक्क गोल आहे. मधोमध स्तूप, त्याभोवती बारा साधे अष्टकोनी खांब आणि वर घुमटासारखे छत. या डोंगरांतील अगदी आरंभीच्या कामांत त्याची गणना होते. शेजारच्या लेण्यात तुळजाभवानीचे स्थान असल्याने लेण्यांस हे नाव पडले.

जुन्नर गाव स्वतः एके काळी राजधानी होते. बहमनी सत्तेचे तुकडे झाले तेव्हा मलिक अहमद याने इ.स. १४९० मध्ये निजामशाहीचा पाया येथेच घातला. अहमदनगर वसले ते त्यानंतर. पुढे मलिक अंबरच्या काळातही जुन्नरला काही काळ राजधानीचा मान मिळाला. हापूसबाग भागातील भव्य घुमट पाहावयास अर्धा तास पुरे.

दुर्ग शिवनेरी

शिवनेरी गावास लागूनच आहे. फाल्गुन वद्य तृतीया, शके १५५१, म्हणजेच १९ फेब्रुवारी १६३० रोजी छत्रपती श्रीशिवाजी महाराजांचा जन्म या गडावर झाला. गडदेवता शिवाईवरून महाराजांचे नाव ठेवले गेले, अशी परंपरा आहे. जुलै २०२५ मध्ये ‘मराठा लष्करी भूप्रदेश’ या नावाने बारा दुर्ग युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत समाविष्ट झाले. त्यांत शिवनेरीचा समावेश आहे.

पायऱ्यांच्या वाटेने सात दरवाजे ओलांडून वर जावे लागते. चढ सोपा आहे, मुले व ज्येष्ठ मंडळी थांबत थांबत सहज येऊ शकतात. प्रथम शिवाई देवीचे दर्शन घ्यावे. देवीचे मंदिर ज्या कड्याशी आहे त्या कड्यातही लेणी आहेत, हे फार थोड्यांच्या लक्षात येते. किल्ला होण्यापूर्वी हा डोंगरही विहारांचा होता. गडावर धान्याचा अंबारखाना, गंगा-जमुना ही कायम पाण्याची टाकी, कमानीची मशीद, बदामी तलाव, जिजाऊमाता व बालशिवाजी यांच्या मूर्ती असलेले शिवकुंज आणि अर्थातच जन्मस्थानाची इमारत आहे. येथील पाण्याची टाकी पाहताना मानमोडीचा तो ‘पोढी’ शब्द आठवावा. गड लढविणाऱ्यांनाही प्रथम पाणीच लागले.

पालकांनी मुलांना आवर्जून सांगावी अशी एक गोष्ट आहे. निजामशाही बुडाल्यानंतर हा किल्ला मोगलांकडे गेला. इ.स. १६५७ मध्ये महाराजांनी जुन्नर शहरावर छापा घातला, पुढे किल्ला घेण्याचा प्रयत्नही झाला, पण शिवनेरी त्यांच्या हयातीत स्वराज्यात आला नाही. ज्याने शेकडो गड घेतले व बांधले त्या राजाला स्वतःचे जन्मस्थान लाभले नाही. जन्मस्थानाच्या दालनात पाळण्यापुढे उभे असताना हे माहीत असले तर हात निराळे जोडले जातात.

गडाच्या एका टोकास कडेलोटाची जागा आहे. कठडा असला तरी मुलांचा हात सोडू नये. वर ‘कोळी चौथरा’ म्हणून ओळखले जाणारे ठिकाण आहे. इ.स. १६५० च्या सुमारास मोगलांविरुद्ध उठलेल्या महादेव कोळ्यांची येथे कत्तल झाल्याचे सांगतात. बहुतेक सहली येथे छायाचित्र काढून पुढे जातात. येथे दोन मिनिटे शांत उभे राहावे, अशी विनंती आहे. साखळदंडाच्या वाटेने जाण्याचा मोह सवय नसलेल्यांनी टाळावा.

नाणेघाट : राणीचे दान

दुसऱ्या दिवशी सकाळी लवकर निघावे. जुन्नरपासून नाणेघाट सुमारे ३० कि.मी. आहे. चावंड किल्ल्याच्या बाजूने गेल्यास वाटेत पूर हे गाव लागते. कुकडी नदीच्या उगमाजवळ तेथे कुकडेश्वराचे प्राचीन, कोरीव कामाने नटलेले शिवालय आहे. पावसाळ्यानंतर, भाताची खाचरे पिवळी पडू लागली म्हणजे येथील शांतता अनुभवण्यासारखी असते. पुढे घाटघर ओलांडून आपण सह्याद्रीच्या माथ्यावर पोचतो. समोर कोकण एकदम खाली कोसळलेले दिसते आणि बाजूस जीवधनचा कडा उभा असतो.

कल्याण व सोपारा या बंदरांतून माल घेऊन येणारे तांडे याच खिंडीने वर चढत आणि जुन्नरमार्गे पैठणकडे जात. सुलसदत्ताचे दान लेण्याद्रीला का पोचले, हे येथे उभे राहिले म्हणजे आपोआप उमगते. हा त्याचा रोजच्या व्यापाराचा रस्ता होता. घाटाच्या तोंडाशी दगडाचा प्रचंड रांजण आहे. जकातीची नाणी त्यात टाकीत, असे परंपरा सांगते, आणि घाटाच्या नावाचे मूळही लोक त्यातच शोधतात. कातळात खोदलेली पाण्याची टाकी आसपास आहेत. त्यांपैकी एक सोपाऱ्याच्या गोविंददासाने दिल्याचे तेथील लेख सांगतो.

खिंडीच्या तोंडाशी एक गुहा आहे. पावसाळ्यात वाऱ्याने उलट उडणारा धबधबा पाहण्यास तरुणांची मोठी गर्दी होते, तेव्हा सर आली की सगळे या गुहेत शिरतात, आणि डब्यातील जेवण होते, मोबाइलवर गाणी लागतात. ज्या भिंतींना टेकून ते बसतात त्या दोन भिंतींवर महाराष्ट्राच्या इतिहासातील एक अत्यंत मोलाचा दस्तऐवज आहे. डाव्या भिंतीवर दहा व उजव्या भिंतीवर दहा, अशा वीस ओळी. सातवाहन राजा सातकर्णी याची राणी नागनिका, लेखातील रूपाने नायनिका, हिच्या संबंधातील हा लेख साधारणपणे इ.स.पूर्व पहिल्या शतकातील मानला जातो. प्रारंभी धर्म, इंद्र, संकर्षण व वासुदेव, चंद्र-सूर्य आणि चार लोकपाल यांना वंदन आहे. वासुदेवाच्या उपासनेचा दख्खनमधील हा अतिशय जुना लेखी पुरावा होय. त्यानंतर अश्वमेधासह अनेक वैदिक यज्ञांची नावे आणि प्रत्येक यज्ञातील दक्षिणेचा हिशेब येतो. एका ठिकाणी ११,००० गाई व १,००० घोडे, एका ठिकाणी एक उत्तम गाव, एका ठिकाणी २४,४०० कार्षापण नाणी. या लेखाच्या हिशेबात यज्ञ पाहण्यास आलेल्या लोकांना आणि सेवकवर्गाला दिलेल्या दानाचीही नोंद आहे. प्रमुख पाहुण्यांच्या यादीनंतर भांडी घासणाऱ्यांची नोंद ठेवणारे यजमान आजही विरळा.

मुलांसाठी येथे एक खास गंमत आहे. या लेखातील संख्या अंकांत लिहिलेल्या आहेत आणि आज आपण वापरतो त्या काही अंकांचे पूर्वज त्यांत ओळखू येतात. मात्र शून्य अद्याप नव्हते. दहा, शंभर, हजार यांना स्वतंत्र चिन्हे होती आणि ती जोडून मोठी संख्या लिहावी लागे. २४,४०० ही संख्या शून्यावाचून कशी लिहाल, असे कोडे मुलांना घाटातच घालावे.

राणीचे वर्णन लेखात ज्या शब्दांत येते ते आम्हांस यज्ञांच्या यादीहून अधिक भिडते. ती महिनाभराचे उपवास करणारी, घरात राहून तपस्विनीप्रमाणे आचरण करणारी आणि ब्रह्मचर्य पाळणारी, असे तिला म्हटले आहे. लाखांनी दान देणाऱ्या घराण्याची ही स्त्री स्वतः उपाशी राहत होती. गुहेच्या मागील भिंतीवर राजघराण्यातील व्यक्तींच्या मूर्ती होत्या. सिमुक सातवाहन, देवी नायनिका व राजा सातकर्णी, राजकुमार, एक महारठी, अशी नावे त्यांच्यावर कोरलेली होती. मूर्ती केव्हाच नष्ट झाल्या आहेत. नावे उरली.

ती किती काळ उरतील, हा प्रश्न आहे. दगड मऊ पडतो, पाणी झिरपते, यावर उपाय करणे पुरातत्त्व विभागाचे काम होय. परंतु खिळ्याने, किल्लीने अथवा खडूने त्याच भिंतीवर आपले व आपल्या प्रियजनांचे नाव कोरणारे हात पावसाचे नव्हेत. केंद्राच्या संरक्षित स्मारकास विद्रूप करणे हा १९५८ च्या कायद्यान्वये गुन्हा असून २०१० च्या दुरुस्तीनंतर त्यास दोन वर्षांपर्यंत कारावास किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. लेण्याद्रीच्या लेण्यांतही भाविकांनी काही पथ्ये पाळावीत. खांबांना शेंदूर किंवा तेल लावू नये, कोनाड्यात उदबत्ती खोचू नये, नारळ ठरवून दिलेल्या जागीच फोडावा. काजळी व तेल दगडात मुरले म्हणजे अक्षर वाचता येत नाही, आणि एकदा गेलेले अक्षर परत आणण्याची विद्या कोणापाशी नाही. अक्षरांचा ठसा घेण्यासाठी त्यांवर कागद ठेवून घासणेही टाळावे. शाळांच्या सहलींतून हा प्रकार पाहावयास मिळतो. लेख पाहण्याची उत्तम वेळ सकाळ अथवा तिसरा प्रहर. तिरपा प्रकाश पडला की अक्षरे स्वच्छ दिसतात. बॅटरी नेल्यास ती भिंतीवर समोरून न मारता बाजूने धरावी.

परतीच्या वाटेवर

ओझरच्या श्रीविघ्नेश्वराचे दर्शन ज्यांचे राहिले असेल त्यांनी परतताना घ्यावे. कुकडीच्या काठी, धरणाच्या पाण्याशेजारी असलेले ते स्थान सुपरिचित असल्याने येथे विस्तार करीत नाही. श्रावणात येणाऱ्यांनी ओतूरला जावे. मांडवी नदीच्या काठी कपर्दिकेश्वराचे मंदिर आहे आणि श्रावणी सोमवारी तेथे तांदळाच्या पिंडी करतात. त्या पाहण्यास मोठी यात्रा भरते. शेजारीच श्रीबाबाजी चैतन्य यांची समाधी आहे. जगद्गुरू श्रीतुकाराम महाराजांचे गुरू म्हणून वारकरी संप्रदायात त्यांना वंदन केले जाते. आळे येथे, ज्या रेड्याच्या मुखातून श्रीज्ञानेश्वर माउलींनी वेद वदविले त्याची समाधी असल्याची श्रद्धा आहे. मुक्या प्राण्याचे समाधिस्थान एवढ्या भक्तिभावाने जपलेले अन्यत्र क्वचितच पाहावयास मिळेल.

नारायणगाव हे बाजाराचे मोठे गाव, टोमॅटोच्या उलाढालीसाठी आणि त्याहून अधिक तमाशासाठी प्रसिद्ध. जत्रांच्या हंगामापूर्वी येथे फडांच्या राहुट्या लागतात आणि गावोगावचे पंच सुपाऱ्या देण्यास येतात. विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर यांचे हे गाव. राष्ट्रपतींच्या हस्ते गौरव झालेल्या या थोर कलावतीचे निधन २००२ मध्ये झाले. भोजनासाठी थांबलात तर या भागातील मासवडी अवश्य मागावी. नावात मासा असला तरी ती संपूर्ण शाकाहारी आहे. बेसनाच्या पोळीत तीळ-खोबऱ्याचे सारण भरून केलेली वडी व झणझणीत रस्सा, असे हे पक्वान्न. तिखट न सोसणाऱ्यांनी रस्सा वेगळा घ्यावा.

नारायणगावहून जवळच खोडद येथे टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्राची महाकाय रेडिओ दुर्बीण आहे. प्रा. गोविंद स्वरूप यांच्या नेतृत्वाखाली ती उभी राहिली. प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या सुमारे २५ कि.मी.च्या परिसरात पसरलेल्या आहेत आणि सर्व मिळून एकच दुर्बीण म्हणून काम करतात. आकाशातून येणाऱ्या अतिशय क्षीण रेडिओलहरी टिपण्याचे काम येथे चालते, म्हणून आवारात मोबाइल बंद ठेवावा लागतो. भेटीसाठी पूर्वपरवानगी आवश्यक आहे. २८ फेब्रुवारीच्या राष्ट्रीय विज्ञान दिनानिमित्त भरणारे येथील प्रदर्शन मात्र सर्वांसाठी असते आणि परिसरातील शाळांची मुले तेथे आपापले प्रयोग मांडतात. सहलीचा दिवस त्या सुमारास योजता आल्यास मुलांना दोन हजार वर्षांपूर्वीचे अंक आणि दुर्बिणीने पाठविलेले अंक एकाच प्रवासात पाहता येतील.

शेवटी प्रवासाविषयी थोडे. ऑक्टोबर ते फेब्रुवारी हा काळ सर्वांत सोयीचा. जुलै-ऑगस्टमध्ये घाटमाथ्यावर धुके व निसरडे असते, तेव्हा ज्येष्ठांनी नाणेघाटाऐवजी लेण्याद्री व शिवनेरीवर समाधान मानावे. भाद्रपद व माघातील गणेशोत्सवाच्या दिवसांत लेण्याद्रीस गर्दी असते, त्या दिवशी लेणी पाहण्याचा बेत ठेवू नये. तालुक्यात उसाच्या शेतांतून बिबट्यांचा वावर आहे. अंधार पडल्यावर लहान मुलांना गाडीबाहेर एकटे सोडू नये, शेताकडेला थांबू नये आणि रात्री पायी फिरणे टाळावे. नाणेघाटाकडे जाताना पिण्याचे पाणी व खाद्यपदार्थ बरोबर न्यावेत, कारण घाटघरच्या पुढे फारसे काही मिळत नाही. रिकाम्या बाटल्या परत आणाव्यात. गोविंददासाच्या टाक्यात त्या तरंगताना दिसतात.